न विकलेल्या वस्त्रांचे काय?
आलिशान फॅशनमधील चक्रीय अर्थव्यवस्थेवर, म्हणजे वस्तू टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याच्या पद्धतीवर, मी एक लेख वाचला; त्याचा भर जुन्या वस्त्रांच्या पुनर्विक्रीवर आहे. मला मात्र न विकलेल्या मालाचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. बर्बेरी या ब्रिटिश आलिशान फॅशन कंपनीने २०१७-१८ या आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा माल नष्ट केला होता, आणि तीव्र टीकेनंतर २०१८ मध्ये ही प्रथा बंद केली. केवळ दुर्मीळतेचे वलय टिकावे म्हणून, ज्यांवर कारागिरांचे कितीतरी तास खर्ची पडले आहेत अशा नव्याकोऱ्या वस्तू जाळाव्यात, हे अत्यंत क्लेशदायक आहे. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास जुलै २०२६ पासून बंदी घातली, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र मिश्र धाग्यांच्या कापडातील धागे पुन्हा वेगळे करणे कठीण असते, त्यामुळे पुनर्वापराचा विचार आरेखनाच्या टप्प्यावरच व्हायला हवा.