देव आधी बिघडले, की हृदयाला हात आधी लागला?

‘मोरोविंड’ या व्हिडिओ गेममधल्या देवांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याचा सारांश असा: रेड माउंटन या पर्वताच्या पोटातलं लोरखान या देवाचं हृदय हेच विष आहे. ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला ते नासले. ड्वेमर ही जमात नाहीशी झाली, खलनायक डॅगोथ उर वेडा झाला, अल्मलेक्सिया या देवीने सोथा सिल या देवाला ठार केलं. सगळ्याला एकच कारण पुरत असताना लेखात ‘हे कोण सांगतंय’ याचाच कीस काढला आहे. शिवाय हृदय हसतं, बोलतं, म्हणजे ते जिवंत आहे आणि त्याला स्वतःचा हेतू आहे, असंही तुमचं म्हणणं.

सिद्धांत आटोपशीर आहे, चाहत्यांमध्ये लोकप्रियही आहे. पण तो घटनांच्या क्रमाशी जुळत नाही.

पहिल्या युगातलं ७०० हे साल घ्या. रेड माउंटनच्या लढाईच्या दोन हकिकती खेळात मिळतात. एक व्हिवेक या देवाने स्वतः सांगितलेली. दुसरी या देवांना पुजणाऱ्या मंदिराच्या गुप्त दप्तरातली, जी अॅशलँडर लोकांच्या परंपरेशी जुळते. दुसरीत त्रयीने, म्हणजे अल्मलेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक यांनी, नेरेवार या आपल्या सेनापतीचा विषप्रयोगाने खून केला असं स्पष्ट आहे: मेणबत्त्या विषारी, वस्त्रं विषारी, मंत्रही विषारी. व्हिवेकच्या हकिकतीत खुनाचा उल्लेख येत नाही. तिच्यात अझुरा देवीच्या नावाने घेतलेली शपथ आहे, की ड्वेमर कारागीर कागरेनॅकची, हृदयातून शक्ती काढणारी अवजारं कधीही वापरणार नाही. नेरेवारच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी सोथा सिल त्या अवजारांचं गुपित उलगडतो आणि तिघे ती शपथ मोडतात.

आता दोन्हींतली तुम्हाला सोयीची कोणतीही निवडा. पहिली घेतलीत तर शपथभंगाचा निर्णय आधी आणि हृदयाची शक्ती नंतर. दुसरी घेतलीत तर खून आधी आणि देवत्व नंतर. हृदयाने त्यांना बिघडवलं म्हणायचं तर हृदयाच्या शक्तीला स्पर्श होण्याआधीच बिघाड झाला होता असं मानावं लागतं. सोथा सिल तोवर अभ्यास करत होता तो अवजारांचा. हृदय पर्वताखाली होतं.

आणि व्हिवेकची स्वतःची साक्ष. ‘छत्तीस पाठ’ हे त्याच्या नावावर असलेलं लिखाण खेळात ३६ खंडांत विखुरलेलं आहे. एकोणतिसाव्या पाठात आकड्यांची यादी आहे. ते आकडे किल्ली म्हणून वापरून एकेका पाठातला त्या क्रमांकाचा शब्द उचलत गेलात की वाक्यं तयार होतात, आणि त्यांचा आशय असा: तो जन्मतः देव नव्हता, नियतीने त्याला या गुन्ह्याकडे नेलं नाही, हा मार्ग त्याने स्वतःच्या इच्छेने निवडला, देवत्व चोरलं आणि हॉर्टेटरचा, म्हणजे नेरेवारचा, खून केला; हे व्हिवेकने लिहिलं. छत्तिसाव्या पाठातल्या परिच्छेदांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली तर ‘फाउल मर्डर’ हे शब्द मिळतात. (हे करून पाहायचं असेल तर मूळ इंग्रजी मजकूरच घ्या. भाषांतरित आवृत्तीत शब्दांचा क्रम बदलतो आणि किल्ली लागत नाही. इंटरनेटवरच्या प्रतींमध्ये कधीकधी परिच्छेद एकमेकांना चिकटलेले असतात, तेव्हा आद्याक्षरं चुकतात.)

उघड बोलताना खुनाबद्दल गप्प, आणि लपवलेल्या ओळीत कबुली. दोन्ही साक्षी एकाच माणसाच्या. स्वतःच्या विरुद्ध जाणारी आणि लपवून ठेवलेली साक्ष मी जास्त वजनाची मानतो. त्यातही ‘स्वतःच्या इच्छेने’ आणि ‘नियतीने नेलं नाही’ हे दोन तुकडे तुमच्या सिद्धांताच्या थेट आड येतात. हृदयाने भ्रष्ट केलं असतं तर स्वतःचा बचाव करायला व्हिवेकला यापेक्षा चांगली सबब मिळाली नसती, आणि तो ती वापरत नाही.

हृदयाच्या हसण्याबद्दल. ती गोष्ट खेळातल्या ‘मोनोमिथ’ या पुस्तकात असलेल्या अल्टमर लोकांच्या कथेतली आहे: ऑरिएल आणि ट्रिनिमॅक हे देव हृदय नष्ट करू पाहतात, ते हसतं, हे जगाचंच हृदय आहे असं सांगतं, मग ऑरिएल ते बाणाला बांधून समुद्राकडे सोडतो. अल्टमरांच्या लेखी लोरखान हा आपल्याला मर्त्य करणारा गुन्हेगार आहे. त्यांच्या कथेत त्याचं हृदय कुत्सित हसणार नाही तर काय करणार? आणि ते हृदय जे बोलतं ते शब्दशः खरं मानलं तरी त्यात धमकी नाही, मोह घालणं नाही. हृदयाचा आणि जगाचा संबंध सांगणारं एक विधान आहे, एवढंच.

तुम्ही दिलेला सर्वांत ठोस पुरावा खेळाच्या यंत्रणेतला आहे: कागरेनॅकच्या अवजारांपैकी संडर किंवा कीनिंग नुसतं हातात घेतलं की जीव जातो, म्हणजे हृदयाचं विष उघड दिसतं. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. तिसरं अवजार, म्हणजे रेथगार्ड हातमोजा, न घालता संडर किंवा कीनिंग धारण केलं की प्रकृती झपाट्याने उतरते, हे खरं. पण ते हृदयापासून मैलोन्‌मैल दूर, ओड्रोसाल किंवा व्हेमिनाल या किल्ल्यांतही होतं. उलट, अकुलाखानच्या दालनात हृदयाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहा, हृदयामुळे काहीही होत नाही. इजा अवजारं करतात. व्हिवेकला मारून टाकलं तर यॅग्रम बगार्न या शेवटच्या ड्वेमरकडून रेथगार्ड जुळवून घ्यायची आडवाट उरते. त्या वाटेने मोजा घातला की प्रकृतीचे गुण कायमचे घटतात. तिथेही खोट मोज्याच्या जुळणीत आहे, आणि हृदयाचा संबंध येत नाही.

यॅग्रम बगार्नचं नाव निघालंच आहे तर ड्वेमर. ते ‘नासले’ याला खेळात आधार कोणता? ते नाहीसे झाले. यॅग्रम त्या क्षणी या जगाबाहेरच्या प्रांतात होता म्हणून वाचला. नाहीसं होणं आणि भ्रष्ट होणं एका रांगेत बसवायचं तर आधी काहीतरी दुवा दाखवावा लागेल.

आता अल्मलेक्सिया. तिघांनीही तेच हृदय वापरलं, तीच अवजारं, तोच वार्षिक विधी. दुसऱ्या युगाच्या ८८२ साली डॅगोथ उर जागा झाला, त्याने विधीसाठी आलेल्या त्रयीवर हल्ला करून तिला परतवून लावलं, आणि तेव्हापासून तिघांनाही हृदयापर्यंत पोहोचता आलं नाही. तिसऱ्या युगाच्या ४१७ साली सोथा सिल आणि अल्मलेक्सिया संडर आणि कीनिंगही गमावून बसले. दुसरं युग ८९६ वर्षांचं, म्हणजे ८८२पासून खेळातल्या ४२७पर्यंत ४४१ वर्षांची उपासमार. या काळात सोथा सिल यंत्रनगरीत गडप झाला. व्हिवेक आपल्या शहरात रेड माउंटनभोवतीचं घोस्टफेन्स हे जादूचं कुंपण सांभाळत बसला आणि शेवटी रेथगार्ड नेरेवाराइनच्या, म्हणजे नेरेवारचा पुनर्जन्म मानल्या जाणाऱ्या नायकाच्या, हाती सोपवायला तयार झाला. अल्मलेक्सियाने सोथा सिलला मारलं, मोर्नहोल्ड शहराखालच्या ड्वेमर अवशेषांतलं हवामान यंत्र वापरायला लावून शहरावर राखेचं वादळ आणलं आणि दोष दुसऱ्यावर ढकलला. एकाच विहिरीचं पाणी पिऊन तिघांना तीन वेगळे रोग झाले, तर मी विहिरीपेक्षा आधी माणसांकडे बघेन.

तुम्ही म्हणाल, मुख्य कथेच्या शेवटी हृदय मुक्त झाल्याचा धक्का तिला बसला. तर हे लक्षात घ्या: ‘ट्रायब्युनल’ हा विस्तार मुख्य कथा पूर्ण न करताही खेळता येतो. हृदय शाबूत असतानाही अल्मलेक्सिया तेच करते. म्हणजे धक्क्याचा प्रश्न नाही, तिची शक्ती शतकानुशतकं आटत गेली होती. शेवटी तिला सलतं तेही हेच, की सोथा सिल मरताना एक शब्दही बोलला नाही आणि त्याने तिला त्या गप्पपणानेही हिणवलं. हा दुखावलेला अहंकार आहे.

‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या खेळाच्या २०१७मधल्या ‘मोरोविंड’ अध्यायाकडेही पाहा. कथा दुसऱ्या युगाच्या ५८२मधली. सुन्नाराह नावाच्या जादूच्या काठीने व्हिवेकची शक्ती चोरली जाते, तो इतका दुबळा होतो की शहरावर तरंगणारा बार दाऊ हा खडक खाली येऊ लागतो. व्हिवेक बिथरत नाही. मदत मागतो.

डॅगोथ उरच्या बाबतीत मात्र तुमच्या म्हणण्याला वजन आहे. तो त्रयीसारखा वर्षातून एकदा जाऊन शक्ती घेत नाही. त्याने स्वतःला हृदयाशी जोडून घेतलं आहे, त्यामुळे त्याला मारलं तरी तो संपत नाही. त्याच्यापासून निघणारा कॉर्प्रस हा खराखुरा बिघाड आहे: बळ आणि सहनशक्ती वाढत जाते, बुद्धी, मनोबळ, व्यक्तिमत्त्व घसरत जातं. ‘नासलेला देव’ ही प्रतिमा खेळात कुठे बसत असेल तर इथेच. तरी दोन गोष्टी आड येतात. एक, तो रोग डॅगोथ उर शस्त्र म्हणून पसरवतो. इलुनिबीच्या गुहेत त्याचा सेवक डॅगोथ गारेस तुमच्या अंगावर तो चढवतो तेव्हा निरोप आणि आमंत्रणासकट. दोन, लढाईनंतर लगेच तो वेडा झाला होता ही गोष्ट त्याच्या शत्रूंनी सांगितलेली आहे. त्यांच्याच हकिकतीत त्याचं उत्तर असं, की अवजारं सांभाळायला नेरेवारने सांगितलंय, ती मी नेरेवारशिवाय कुणाला देणार नाही. हे वेड्याचं बोलणं वाटत नाही. नंतरच्या शतकांत त्याचं काय झालं हा वेगळा प्रश्न, आणि तिथे मी तुमच्याशी फार भांडणार नाही.

राहिला तुम्ही उद्धृत केलेला ‘देवांना हृदयाने ग्रासलं’ हा संवाद. तो तपासायची पद्धत सांगतो. पीसी आवृत्तीसोबत येणारं कन्स्ट्रक्शन सेट हे खेळ-संपादनाचं साधन उघडा, डेटा फाइल्समध्ये फक्त मोरोविंड, ट्रायब्युनल आणि ब्लडमून या तीन मूळ फाइल निवडा. मग डायलॉग खिडकीत विषय शोधा आणि ‘फिल्टर फॉर’मध्ये ते पात्र निवडा. प्रत्येक उत्तराखाली अटी दिसतात: बोलणारा कोण, कोणत्या गटाचा, कोणत्या दर्जाचा, जर्नल कुठवर पोचलेलं असायला हवं. इथे नेहमी होणारा घोटाळा असा, की एखादं उत्तर मंदिराच्या गटातल्या सगळ्यांना सरसकट दिलेलं असतं, आणि स्क्रीनशॉटमध्ये ते एका विशिष्ट पात्राचं मत वाटतं. दुसरा घोटाळा मॉडचा, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडणीचा. टॅम्रिएल रीबिल्टसारखा मोठा मॉड चालू असेल तर त्याच्या लेखकांचा मजकूर मूळ खेळात इतका बेमालूम मिसळतो की नुसतं वाचून ओळखू येत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात जो नकाशा दिसतो, त्यात किनाऱ्यापलीकडची मुख्य भूमीही आहे. मूळ खेळात ती नाही.

तो संवाद तीन मूळ फाइलींत सापडला तर विषयाचं नाव, बोलणाऱ्याची ओळख आणि अटींची यादी इथे द्या. बोलणारा मंदिराचा नसेल आणि जर्नलची अट मुख्य कथेच्या आधीची असेल, तर त्रयीवरचा परिच्छेद मला नव्याने लिहावा लागेल.