थंड गॅस आणि वितळलेला पिस्टन

ठाण्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या नायट्रसचा, म्हणजे जादा पिकअपसाठी इंजिनात सोडायच्या नायट्रस ऑक्साइड गॅसचा, एक मेसेज फिरतोय. "नायट्रस म्हणजे थंड गॅस, त्याने इंजिन उलट गार राहतं. तो स्वतः जळतही नाही. ५० हॉर्सपॉवरचा शॉट कुठलंही कंपनीचं इंजिन आरामात झेलतं. बाकीचं ईसीयू बघून घेतो. आणि वापरायचा तरी किती, दहा सेकंद!" खाली फोन नंबर आणि 'बसवून मिळेल'. मला तो चौघांनी पाठवला आणि चौघांनीही एकच विचारलं, खरं आहे का हे? वागळे इस्टेटमध्ये इंजिनं खोलण्यात माझी अठरा वर्षं गेलीत, म्हणून सांगतो.

थंड गॅस हे अर्धं खरं. बाटलीतला पातळ नायट्रस बाहेर पडला की उणे ८८ अंशांना उकळतो, आत जाणारी हवा गार करतो, आणि गार हवा दाट असते. पण हे कौतुक हवा आत घेणाऱ्या इनटेकपर्यंतचं. सिलिंडरमध्ये ३०० अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटायला लागतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६. त्या जादा ऑक्सिजनवर जादा पेट्रोल जाळायचं, पिकअप येतो तो त्यातून. स्वतः जळत नाही म्हणता? लोहाराचा भाताही जळत नाही.

कंपनीचं इंजिन ५० चा शॉट, म्हणजे ५० हॉर्सपॉवरचा जादा जोर, झेलतं म्हणे. कुठलं इंजिन? आठ सिलिंडरच्या मोठ्या व्ही-८ ला ५० म्हणजे चणे-फुटाणे. आपल्या १.२ लिटरच्या हॅचबॅकचा सगळा जोरच ८०-९० हॉर्सपॉवरचा. त्यावर निम्म्याहून जास्त, तेही एका झटक्यात. त्यात कमी आरपीएमवर बटण दाबलं तर कनेक्टिंग रॉड वाकायलाही वेळ लागत नाही.

आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. खरी फसगत इथेच आहे. ईसीयू सेन्सरवरून हवेचा अंदाज घेतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. सेन्सरला प्रेशर कळतं, पण त्या हवेत ऑक्सिजन वाढलाय हे कळत नाही. फुल थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, बहुतेक गाड्या ठरलेल्या तक्त्यानुसार चालतात, ऑक्सिजन सेन्सरचं फारसं ऐकत नाहीत. म्हणजे ऑक्सिजन वाढला, पेट्रोल तेवढंच राहिलं, मिक्श्चर लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, आणि नॉकिंगची भीती वाढली. नॉकिंग म्हणजे स्पार्कची ज्वाला पोचायच्या आधीच मिक्श्चर आपोआप भडकून बसणारे दणके. शिवाय नायट्रसमुळे जळण्याचा वेग वाढतो, म्हणून स्पार्क थोडा उशिरा द्यावा लागतो, त्यालाच टायमिंग मागे घेणं म्हणतात (व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन वेगळी). नॉक सेन्सरवरून ईसीयू स्पार्क मागे घेतो हे खरं, पण नॉकिंग सुरू झाल्यावर आणि ठरावीक मर्यादेतच. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर नॉकिंग थोडं लांबतं. कमी पडलेलं पेट्रोल त्याने भरून निघत नाही.

गेल्या मे महिन्यात घणसोलीचा एक मुलगा गाडी टो करून घेऊन आला. रात्री दोन वाजता पामबीच रोडला बटण दाबलं होतं, "फक्त एकदाच, काका." आधी स्पार्क प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर खसखशीएवढे चकचकीत दाणे चिकटले होते. ते बघितल्यावर हेड उतरवायच्या आधीच मी त्याला चहा सांगितला. ते दाणे ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे. आत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक, कडा गुळाच्या पाकासारख्या ओघळलेल्या. बाकीचे तीन पिस्टन ठणठणीत! गॅस चारही सिलिंडरमध्ये सारखा वाटला जाईलच असं नाही. ज्याच्या वाट्याला जास्त जातो तो मरतो.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, सिलिंडरमधली ज्वाला २००० च्या वर असते. तरी रोजच्या चालण्यात पिस्टन टिकतो, कारण त्याच्या डोक्यावर वायूचा एक पातळ थर असतो आणि उरलेली उष्णता रिंगांतून, ऑइलमधून निघून जाते. नॉकिंगच्या दणक्यांनी तो थर उडतो. मग दहा सेकंद खूप होतात. ६००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा जाळ होतो, दहा सेकंदांत ५०० वेळा.

मेसेजमध्ये न लिहिलेली एक गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही. घोडबंदर रोडला दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याच्या कितीतरी पुढे जाते. बाटलीतलं प्रेशर वाढतं, त्याच जेटमधून, म्हणजे गॅस सुटायच्या बारीक भोकातून, जास्त गॅस सुटतो, पेट्रोलचा जेट मात्र तेवढाच. रात्री नीट चाललेलं सेटिंग दुपारी लीन होतं. (कायद्याचं एका ओळीत: परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.)

नायट्रस नीट बसवणारे लोक आहेत. ते सोबत पेट्रोलचा वेगळा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) देतात, थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग टाकतात, आरपीएम आणि फुल थ्रॉटलचे स्विच लावतात, मिक्श्चर मीटरवर बघतात. म्हणून मी त्या नंबरवर फोन केला आणि गिऱ्हाईक बनून विचारलं, "टायमिंग किती डिग्री मागे घेता?"

पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "टायमिंग चेनला हातच लावावा लागत नाही, दादा."