रव्यातलं प्रोटीन

अर्धा किलो रव्याचा पुडा परत करायला गेलो होतो. सकाळी फोडला तर आत जाळी, जाळीत अळ्या, आणि त्यातली एक डोकं वर काढून माझ्याकडे अशी पाहत होती, की न विचारता घरात मीच शिरलोय. बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता नेऊन त्याच्या गल्ल्यावर आपटा." आपटायला गेलो आणि शिकवणी घेऊन आलो.

दुकानदारानं पुडा उजेडात धरला, हलवला. "पावसाळा हाये भाऊ. माल तं बराबर होता. तुमच्या घरीच झाल्या असतीन."

काल संध्याकाळी नेलेल्या पुड्यात माझ्या घरच्या अळ्यांनी एका रात्रीत संसार थाटून पोरंबाळंही वाढवली म्हणे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेलाच्या पिप्यावर बसलेला तो बोलला.

तो म्हणजे गावातला बी.एस्सी. ॲग्री झालेला पोरगा. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. घरी लाईन टिकत नाही आणि दुकानात इन्व्हर्टर आहे, म्हणून पुस्तक घेऊन इथेच मुक्काम. गावात बैल आजारी पडो की कोणाची सोयरीक मोडो, याच्याकडे त्यावरची नोट तयार असते.

"खाद्य कीटक, काकाजी. 2013 साली एफएओचा, म्हंजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न अन् शेती संघटनेचा अहवाल आला. जगात 2 अब्ज लोक किडे खातेत. 1900 च्या वर जाती हायेत खाण्यातल्या."

"खाऊ दे बाप्पा त्याईले. मले रवा बदलून पाह्यजे."

"गाईगुरांचं एक किलो वजन वाढवाले 8 किलो खाद्य लागते. किड्याचं 2 किलोत भागते. जागा कमी, पाणी कमी. उद्याचं प्रोटीन हाये हे."

दुकानदारानं पुडा हळूच गल्ल्यावर ठेवला. मघाशी चोरासारखा वागणारा माणूस आता चष्मा पुसून ऐकायला लागला.

"अन् तुम्ही आनलं ते तं खासच हाये," पोरगा रंगात आला. "2021 मधी युरोपियन युनियननं पहिल्यांदा किड्याले खाद्य म्हनून मंजुरी देली. तं कोनाले देली? पिठात होनाऱ्या पिवळ्या अळीले!"

"आयकलं का भाऊ?" दुकानदार म्हणाला. "तिकडं पैसे मोजून घेतेत. मी तं रव्याच्या भावात देऊ रायलो."

मी म्हटलं, अरे, ती अळी स्वच्छ खाद्यावर पाळतात, वाळवतात, तपासतात. ही तुझ्या गोदामात उंदरांच्या लेंड्यांत वाढली. पोत्यांत कोणत्या गोळ्या टाकतोस ते तुलाच माहीत. ते विष खाऊन जी वाचली, ती मी खायची?

"बरोबर बोलले काकाजी," पोरगा म्हणाला, "हा मुद्दा 'आव्हाने'मधी येते. झिंग्याची ॲलर्जी असली तं किडेही बाधू शकतेत, थेही आव्हानातच."

"झिंगा तं पान्यातला किडाच," बिडी ओढत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं निकाल दिला. "बजारातून सुकट आनतं तवा नाही वाटत काही?"

त्यांच्यापुढे काय बोलणार! पण मला खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गावात मागे गडचिरोलीकडचा एक वनरक्षक बदलून आला होता. तिकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात, हे त्यानं एकदा सहज सांगितलं. बदली होईस्तोवर गाव त्याला 'मुंग्या' म्हणून हाक मारत होतं, आणि ते नाव ठेवणारा हाच दुकानदार. पुढे 2024 च्या जानेवारीत ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे लाल मुंग्यांच्याच चटणीला, जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. या पोरानं ती बातमी याच पिप्यावरून वाचली, तेव्हा सगळे म्हणाले, वा! त्या वनरक्षकाची आठवण एकालाही आली नाही.

आणि किडे पाळायचं आम्हाला काय शिकवता? गुलाबी बोंडअळी आम्ही बिनाअनुदानाची पोसतो. बी आमचं, खत आमचं, बोंड तिचं. तिला मारायला फवारे घेऊन निघालो, तर 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. अळ्या कुठे गेल्या? इथेच आहेत, दर हंगामाला येतात. एक किलो अळीमागे किती क्विंटल कापूस जातो, याचं गणित कोणत्या परीक्षेला येतं ते या पोराला विचारायचं राहून गेलं.

विचारलं ते एवढंच, "तू खाशील का रे?"

"लोकस्वीकृती हा वेगळा मुद्दा हाये काकाजी. त्याच्यावर दहा मार्काचा प्रश्न पडू शकते."

"खाशील का ते सांग."

"आमच्या घरी माळ हाये," तो म्हणाला आणि पुस्तकाचं पान उलटलं.

शेवटी दुकानदारानं नवा पुडा काढला. उपकार केल्यासारखा. "हा नवा माल हाये. पाच रुपये वाढले." जुना पुडा फेकून देईल म्हणून मी थांबलो. त्यानं त्याला रबर लावलं आणि फळीखाली सरकवला.

"फेकत काहून नाही?"

"हाटेलवाला नेते."

स्टँडवरच्या हॉटेलातला उपमा मी सोडला आहे. ते पाच रुपये त्यानं उधारीच्या वहीत माझ्या नावावर मांडलेत. मांडू द्या. मी देणार नाही.