झेडपी बंद करा म्हणणाऱ्या फॉरवर्डला वाडीतून उत्तर

शिमग्याची पालखी आमच्या वाडीत होती, त्याच दिवशी वाडीच्या ग्रुपवर मुंबईहून एक फॉरवर्ड आला. रात्रीपर्यंत तो तीन वेगवेगळ्या चाकरमान्यांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: जिल्हा परिषद म्हणजे पांढरा हत्ती, सगळं काम कलेक्टर करतो, मेंबरांना कोटींचा निधी मिळतो आणि तो ठेकेदारीत जातो, कोकणाचा विकास मंत्रालयात ठरतो, एवढी वर्षं प्रशासक होता, कोणाचं काय अडलं? म्हणून झेडपी बंद करा. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होतो. झेडपीचा भक्त नाही. तिथल्या बाकांवर बसून माझ्या दोन चपला झिजल्यात. पण या फॉरवर्डमध्ये खऱ्याला खोटं असं चिकटवलंय, की वेगळं करायला नखं लागतात.

कलेक्टरपासून सुरुवात करतो, कारण ही चूक आम्हीसुद्धा केली होती. आमच्या वाडीला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव हवा होता, म्हणजे छोटा पूल. सुपारीचे दोन ओंडके टाकलेले, पावसाळ्यात पोरांना एकेक करून हाताला धरून पलीकडे न्यायचं. आम्ही सह्यांचा अर्ज केला आणि थेट कलेक्टर कचेरीत दिला. अर्ज तिथून झेडपीला, झेडपीतून पंचायत समितीला आणि शेवटी ‘ग्रामपंचायतीचा ठराव जोडा’ असा शेरा मारून आमच्याच सरपंचाच्या टेबलावर आला. वर्ष गेलं. दोष कोणाचा? दार चुकलं ते आमचं. कलेक्टर महसूल बघतो. वाडीचा साकव, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, नळपाणी, गुरांचा दवाखाना ही झेडपीची कामं, आणि तिथला प्रमुख अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, सीईओ. तो बहुधा आयएएस असतो, पण कलेक्टरचा दुय्यम नसतो. ही विभागणी कालची नाही. 1961 च्या कायद्याने, 1 मे 1962 पासून, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अशाच चालतात. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र झेडपीचं नाही, ते राज्याच्या आरोग्य खात्याचं. तिथे डॉक्टर नसला म्हणून झेडपी मेंबरला शिव्या घालून उपयोग नाही. घालतो आपण, ते सोडा.

मेंबरांच्या कोटींचं तर विचारूच नका. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो तो आमदाराचा. झेडपी मेंबरच्या नावावर कायद्याने असा कुठलाच निधी नाही. तो हात मारतो तो झेडपीच्या सेसमध्ये, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नात. त्यातले 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी आधीच बाजूला निघतात. उरलेल्यात सगळे गट, म्हणजे मेंबरांचे मतदारसंघ. कोकणात शेतसारा तो किती, त्यावरचा उपकर किती! जरा बरी आवक होते ती मुद्रांक शुल्काबरोबर घेतल्या जाणाऱ्या एक टक्का अधिभारातून, त्यात ग्रामपंचायतीचाही वाटा असतो. म्हणजे फॉरवर्ड टाकणाऱ्या भावाने गेल्या साली कलमांची जागा विकली, त्या व्यवहारातूनही झेडपीला चार पैसे गेलेत.

ठेकेदारीबद्दल खोटं बोलणार नाही. झेडपीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो, हे कायद्यात स्पष्ट आहे. मेव्हणा, भाचा, गाववाला यांचं काय होतं ते वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. इथे फॉरवर्ड बरोबर आहे. पण यावर औषध म्हणून सभागृहच बंद केलं तर त्या मेव्हण्याचं बिल भर सभेत वाचून दाखवणारा विरोधी बाकावरचा मेंबरही घरी जातो.

‘मंत्रालयात ठरतो’ हे अर्धं खरं. जमिनीचं काय करायचं, कुठे रिफायनरी, कुठे बंदर, हे झेडपीच्या हातात कधीच नव्हतं. प्रादेशिक योजना नगररचना खात्याची, आणि 2024 मध्ये तर किनाऱ्यावरच्या गावांसाठी सिडको या सरकारी महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना निघाली. पण रोजचा विकास, म्हणजे वाडीचा रस्ता, साकव, शाळेची दुरुस्ती, जेटीकडे जाणारी वाट, येतो जिल्हा वार्षिक योजनेतून. ती मंजूर करते जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर सदस्य सचिव. आणि घटनेप्रमाणे समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. एखादा किनारा किंवा धबधबा ‘क’ वर्ग पर्यटनस्थळ ठरवायचा तरी तो विषय याच समितीपुढे येतो. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे खरा, पण किनाऱ्यावर शौचालय कुठे बांधायचं ते दिल्लीतून येऊन कोणी ठरवत नाही.

आता शेवटचा मुद्दा, ज्यावर सगळ्यांनी अंगठे दिले: प्रशासक होता, काय अडलं?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड इथल्या 2017 साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं घटना सांगते. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे वाद कोर्टात अडकले, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगेपर्यंत तीन वर्षं उलटून गेली होती. त्या काळात दर तीन महिन्यांनी व्हायची सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि बाकीच्या विषय समित्या मिळून एकच माणूस होता, तो प्रशासक. ठराव मांडणारा तो, मंजूर करणारा तो, अंमल करणाराही तोच. अधिकारी चांगला असेल, पण त्याला प्रश्न विचारायला समोर खुर्चीच नाही.

पैशांचंही अडलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 पंचायत समित्यांना आणि 10 झेडपीला अशी राज्याची वाटणी होती. लोकांनी निवडलेली संस्था नसेल तर आयोगाचा निधी नाही, या अटीने पंचायत समित्यांचा आणि झेडपीचा वाटा थांबला. आणि नियोजन समितीवर झेडपीतून जायचे सदस्य मुळात अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे समितीत उरले पालकमंत्री, आमदार, खासदार, नामनिर्देशित मंडळी आणि अधिकारी. आमच्या गटाचं नाव घेणारं त्या टेबलावर कोणी नव्हतं. हे अडणं साकवासारखं डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या जमत होत्या. मग घाटकोपरच्या काकांचा मेसेज आला: ‘ता सगळा खरा, पण आमच्या घराकडच्या रस्त्याचा काय?’

मी विचारलं, रस्त्याचा नंबर काय? ग्रामीण मार्ग की इतर जिल्हा मार्ग? हे दोन प्रकार झेडपीकडे, प्रमुख जिल्हा मार्ग नि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे. काकांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच ग्रामसेवकाकडून वही उघडून घेतली. रस्ता आहे, त्यावरून रोज रिक्षा जाते, पण रस्ते विकास आराखड्यात तो नाहीच. नंबर नाही म्हणजे रस्ते दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून खडीची एक पाटीसुद्धा टाकता येत नाही. येत्या ग्रामसभेत तो आराखड्यात घ्यायचा ठराव मांडतोय. सूचक मी. अनुमोदक म्हणून काकांच्या भावाचं नाव घातलंय, आणि त्या दिवशी गावी यायचं तिकीट काकांनी काढलंय म्हणे, तुतारी एक्स्प्रेसचं, वेटिंग सतरा.