जरा बाजूला होता का?

उडत्या विमानाचा फोटो काढणं फार अवघड, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. उडत्या विमानासमोर कुणी येऊन उभं राहत नाही. खरा कस लागतो तो सेवेतून निवृत्त होऊन वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या विमानाचा फोटो काढताना. ते हलत नाही, पळत नाही, ढगात शिरत नाही. तरी ते एकटं म्हणून सापडत नाही.

मला जुन्या लढाऊ विमानांचा नाद आहे. नाद निरुपद्रवी असल्यामुळे घरात त्यावर इलाज होत नाही, नुसता उल्लेख होतो. तोही पाहुण्यांसमोर.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 'मारुत' उभं आहे. भारतात विकसित झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० ज्यांनी घडवलं, त्या कुर्ट टँक यांनी बंगळूरला येऊन याचा आराखडा केला. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. देखणं, निमुळतं, पण त्याच्या अंगाला शोभेल असं ताकदवान इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. हे सगळं मी बायकोला तिथेच उभं राहून, आवंढा गिळत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मुलगा दिसायला चांगला, पण पगार बेताचा." इतका नेमका सारांश मी कुठल्याही विमानविषयक पुस्तकात वाचलेला नाही.

फोटो मात्र मिळाला नाही. कारण तेवढ्यात एका शाळेची सहल आली आणि बाईंनी मुलांना विमानासमोर उंचीप्रमाणे उभं केलं. उंचीचा वाद मिटेपर्यंत ऊन फिरलं.

गोव्याला जायचं ठरलं की माझं एकच मागणं असतं: बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. १९९८ साली सुरू झालेलं, दाबोळी विमानतळाला लागून. ते सोमवारी बंद असतं, हे घरात माझ्याइतकंच सगळ्यांना पाठ आहे आणि आमचा कार्यक्रम आखताना बोगमाळोचा वार बरोबर सोमवारच निघतो. यंदा मी लक्ष ठेवून होतो. शिवाय पुढे बोगमाळोचा समुद्रकिनारा आणि तिथे मासे, असं आमिष दाखवलं. सोबत सासरेही होते.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. माझी सासुरवाडी नाशिकची, आणि अण्णांनी उभी हयात ओझरच्या कारखान्यात काढली. ओझर! जिथे मिग-२१ लढाऊ विमानं बांधली गेली! लग्न ठरताना मुलीचं शिक्षण काय हे मी विचारलं की नाही ते आठवत नाही, पण वडील ओझरला आहेत म्हटल्यावर मी पोह्यांची बशी खाली ठेवली होती. तेव्हापासून मी अण्णांना मिगबद्दल विचारतो आहे आणि ते मला कँटीनबद्दल सांगतात. भजी कोणत्या वारी असायची, पाळीची बस कुठल्या थांब्यावर किती थांबायची. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी मी गहिवरून फोन केला. अण्णा म्हणाले, "हो का? बरं, द्राक्षं पाठवू का?" (द्राक्षांचा हंगाम नव्हता. विषय बदलायची घाई होती.)

तर संग्रहालय. आम्ही पोचलो ते भर बारा वाजता, कारण सकाळ 'हॉटेलचा नाश्ता फुकट आहे' या तत्त्वापायी गेली. बाराचं ऊन विमानाच्या पाठीवर पडतं आणि पोटाखाली काळोख करतं. छायाचित्रकाराला ते नकोसं, पण पर्यटकाला हवंसं, कारण पंखाखाली तेवढीच सावली असते. सुपर कॉन्स्टेलेशन हे अवाढव्य विमान, तीन शेपट्यांचं, मुळात एअर इंडियाचं, 'रानी ऑफ एलोरा' या नावाचं, म्हणजे आपल्या वेरुळाची राणी. पुढे ती नौदलात येऊन समुद्रावर टेहळणी करू लागली. आज तिच्या पंखाच्या सावलीत एक मोठं कुटुंब डबे उघडून बसलं होतं. मी कॅमेरा वर केला तसा त्यांनी मला खाकरा देऊ केला. खाकरा घेतल्यावर 'जरा बाजूला होता का' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

माझा खरा जीव 'सी हॉक'वर. डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडून याच जातीच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्याची गंमत अशी की इंजिन एकच, पण झोत शेपटीतून निघत नाही. तो दुभागून पंखांच्या मुळाशी, दोन्ही कुशींतून बाहेर पडतो. त्या जागेचा जवळून फोटो मला हवा होता. तिथे एक नवपरिणीत जोडपं होतं. त्याच्या शर्टावर जास्वंदी होत्या आणि ती त्याला हनुवटी किती वर करायची ते शिकवत होती. हनुवटी जमली की डोळे मिटायचे. मी थांबलो. पुष्कळ थांबलो. शेवटी जोडपं सरकलं आणि त्या रिकाम्या जागेत अण्णा येऊन उभे राहिले.

हात पाठीमागे बांधून त्यांनी विमान नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं. वाकून रिव्हेटची रांग पाहिली. एका पत्र्याच्या कडेशी डोळा नेला. मी श्वास रोखला. इतक्या वर्षांनी आता हा माणूस बोलणार!

"हे आमच्याकडचं नाही," अण्णा म्हणाले.

हे खाकरेवाल्यांपैकी एकाने ऐकलं. "काका, तुम्ही विमानं बनवायचात?" झालं. पाच मिनिटांत डबे मिटले, सगळं कुटुंब सी हॉकला वेढून उभं, जास्वंदीचा शर्टही परत आला, आणि मधोमध अण्णा पत्रा कसा बसवतात, रिव्हेट कशी ठोकतात, मिगची इंजिनजोडणी कशी व्हायची ते हातवारे करून सांगताहेत. इतकी वर्षं मला सांगायला हवं होतं ते सगळं. मी गर्दीच्या बाहेर टाचा उंचावून ऐकत होतो. भज्यांचं नाव नाही.

व्याख्यान संपल्यावर ते खुशीत होते. "जावईबापू, द्या तो कॅमेरा. तुम्ही दोघं उभे राहा, मी काढतो." नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णांनी अनुभवी हाताने कॅमेरा धरला आणि माणसं नीट यावीत म्हणून ते जवळ, अजून जवळ आले.

त्या फोटोत मी आहे, बायको आहे आणि मागे एक चाक आहे. बायकोने तो तिथूनच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मासे यायच्या आत धुळ्याच्या आत्यांचं उत्तर आलं: "अभिनंदन! कुठली घेतली? पेढे कधी?"