सही करण्याआधी कागद वाचता यायला हवा

शाळेत पैशांचा व्यवहार सक्तीने शिकवावा का, यावर आमच्या बडोद्याच्या मंडळींत सध्या जोरात वाद चाललाय. माझा मावसभाऊ, आमचा दादा, नववी-दहावीला गणित शिकवतो. त्याचा ठाम विरोध आहे. "आधीच पोर्शन पुरा होत नाही. नवा विषय आला की नवी गाइडं येणार, नव्या ट्यूशन निघणार आणि पोरं व्याख्या पाठ करून मार्क घेणार." मामांचं म्हणणं वेगळं. गुजरातेत वाढलेल्या पोरांना पैसा काय शिकवायचा, तो इथल्या हवेतच आहे!

मी न्यू जर्सीत राहते. इथे हायस्कूल पास व्हायला या विषयाचा अर्ध्या वर्षाचा कोर्स सक्तीचा आहे, २०१४च्या बॅचपासून. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये तसाच कायदा केला. माझी मुलगी यंदा हा कोर्स करतेय. तिचा अभ्यास रोज समोर बघून माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडेही सक्ती हवी आणि ती दहावीच्या आत हवी. अकरावीत कॉमर्स घेणाऱ्यालाच बँक कळणार असेल, तर सायन्सवाल्याने, आयटीआयला जाणाऱ्याने आणि दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलीने काय करायचं?

परवा तिला गृहपाठाला क्रेडिट कार्डाचं नमुना बिल दिलं होतं. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील, हे २००९च्या कायद्यामुळे इथल्या बिलावर छापावंच लागतं. बाईंनी तेवढा चौकोन झाकून दिला होता आणि मुलांना तो आकडा स्वतः काढायला सांगितला होता. माझ्या मुलीने गणित दोनदा तपासलं, कारण उत्तरावर तिचा विश्वासच बसेना.

असा कागद आता आपल्याकडेही आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं किरकोळ कर्ज देताना बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असतं, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, ते त्यात लिहिलेलं असतं. पण ते वाचायला कोणी शिकवलंय? स्कूटरसाठी लाखाचं कर्ज घ्या, दोन वर्षांचं, '१२ टक्के फ्लॅट'. व्याज चोवीस हजार, हप्ता ५,१६७ रुपये. ऐकायला बरं वाटतं. मात्र दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लावलेलं असतं, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दादा, आठवीच्या गणितात चक्रवाढव्याज आहेच ना? मग त्याच तासाला हा कागद फळ्यावर का येऊ नये? पोर्शन वाढत नाही, उदाहरण बदलतं.

मामांच्या हवेबद्दल सांगायचं तर त्या हवेत आता मोबाइल आलाय. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे, खेळलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. या ट्रेडरांत तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१वरून ४३ टक्क्यांवर गेलं. ही पोरं भित्री नाहीत की आळशीही नाहीत, पण टिप देणारा कशावर कमावतो हा प्रश्न त्यांच्यासमोर कोणी ठेवलाच नाही. आणि घरातलं शिक्षण सगळ्यांना सारखं मिळत नाही. आपल्या नोकरदार मराठी घरांत पोस्ट, एलआयसी, एफडी यांची चर्चा बाबा आणि मुलगा करतात, आई चहा आणून देते. काका गेले तेव्हा काकूला कळलं की मोठ्या एफडीवर नॉमिनीच नाही. पुढे वर्षभर तिने जे हेलपाटे घातले, ते आठवलं की आजही जीव तुटतो.

अमेरिकेत सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. इथे काही शाळांत हा कोर्स उन्हाळ्यात ऑनलाइन उरकता येतो, आणि असा उरकलेला अभ्यास लवकर विसरतो. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे दोनशे अभ्यास एकत्र तपासले होते. शिकवण्याचा वागणुकीवर परिणाम फार थोडा आणि काळ जाईल तसा तोही विरतो, असं त्यात दिसलं. उलट जॉर्जिया, टेक्सास आणि आयडाहो या इथल्या राज्यांत सक्ती झाल्यावर तरुणांचे थकलेले हप्ते कमी झाले. दोन्ही निष्कर्ष मी गंभीरपणे घेते. अशी सक्ती करायची तर धड करावी लागेल, आणि हातात पैसा येण्याच्या वयाच्या जवळ करावी लागेल.

बडोद्याला तरी सक्ती या शब्दाची भीती वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींसकट. दोनच वर्षांनी, १९०८मध्ये, बँक ऑफ बडोदा उभी राहिली. १९११मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता.

दादाचा एक आक्षेप मात्र मला शंभर टक्के मान्य आहे: शिकवणार कोण? गणिताच्या शिक्षकावर हे नुसतं लादून चालणार नाही. पण दांडिया बाजार, रावपुऱ्यात गल्लोगल्ली बँकेतून निवृत्त झालेली माणसं आहेत. आयुष्यभर कर्जाच्या फायली बघितलेल्या या काका-काकूंना महिन्यातून एकदा वर्गात बोलवा. गुजराती माध्यमाच्या वर्गात गुजरातीत छापलेलंच कर्जाचं पत्रक द्या, नॉमिनीचा कोरा फॉर्म द्या, मुलींच्या हाती आधी द्या. व्याख्या विचारूच नका. परीक्षेला एक पत्रक द्या आणि विचारा: या कर्जाचा खरा दर किती, आणि तुम्ही सही कराल का?