नौकेचा सातबारा विचारू नये

अर्ध्या गुंठ्याच्या बांधावरून तीन पिढ्या दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारा आणि परसातल्या फणसात चुलत्याचा हिस्सा चार आणे की सहा आणे, हे जुने फेरफार काढून सिद्ध करणारा कोकणी माणूस जुनी मच्छीमार नौका विकत घेताना जे औदार्य दाखवतो, त्याला तोड नाही. जमिनीचा कागद तो पणजोबांपासून वाचत येतो. लाखो रुपयांची नौका मात्र एक नारळ, दोन कप चहा आणि विकणाऱ्याचा शब्द एवढ्यावर घेतो. हे औदार्य टिकून राहावे, या शुद्ध हेतूने पुढील सल्ला दिला आहे.

सर्वप्रथम मुहूर्त. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नौका वर ओढून, झापांनी किंवा निळ्या प्लास्टिकने शाकारून ठेवलेल्या असतात. खरेदी नेमकी याच दिवसांत करावी. नौका पाण्यात नसल्यामुळे ती पाणी कुठून घेते हा अप्रिय प्रश्न उद्भवत नाही, इंजिन भरतीवर किती तापते ते कळण्याचा संभव नसतो आणि आत जे पाणी साचलेले दिसते ते पावसाचेच आहे, असे मानण्यास पूर्ण वाव राहतो. शिवाय नारळी पौर्णिमा जवळ येत असते. विकणारा सांगेल की हर्णैचे दोघे कालच पाहून गेले आणि परवा पैसे घेऊन येणार आहेत. हर्णैचे हे दोघे मिरकरवाड्यात, देवगडात, जीवना बंदरात, जिथे जिथे जुनी नौका विकायला असते तिथे तिथे आदल्या दिवशी येऊन गेलेले असतात. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य मात्र अद्याप भेटलेला नाही. त्यांच्या आधी विसार देऊन मोकळे व्हावे.

नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना रंगवलेला नोंदणी क्रमांक दुरूनच पाहावा. आयएनडी आणि एमएच ही अक्षरे दिसली की देश आणि राज्य तरी आपलेच आहे, एवढी खात्री होते; पुढच्या आकड्यांत शिरू नये. मी एकदा अशाच ताज्या रंगाच्या आठवर सहज नख फिरवले. पोपडा निघाला आणि खाली तीन दिसला. मालकाने क्षणभरही न गडबडता सांगितले, ‘रंगाऱ्याचा हात तसाच आहे.’ रंगाऱ्याच्या हातावर अविश्वास दाखवणे म्हणजे कलेचा अपमान, म्हणून मी नख पुसले आणि नौकेच्या रंगाची स्तुती केली.

नोंदणी प्रमाणपत्राची मागणी करणे असभ्य आहे. तरी जीभ घसरलीच, तर जे लॅमिनेट केलेले झेरॉक्स पुढे येईल ते दोन्ही हातांनी घ्यावे आणि तितक्याच आदराने परत करावे. त्यावर नौकेची लांबी, रुंदी, इंजिनाची अश्वशक्ती आणि इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. तो इंजिनावरच्या पट्टीशी ताडून पाहणे ही सर्वांत हीन मनोवृत्ती होय. कागदावरचे इंजिन एक आणि खालच्या अंधारात बसवलेले दुसरे, कधी तर एखाद्या निवृत्त ट्रकमधून आलेले, असे असले तरी पट्टीचे रिवेट नवे कोरे चमकत असतात. बाकी सगळे गंजलेले असताना रिवेट तेवढे नवे का, याचा विचार खारी हवा करील.

बोजा हा शब्द तर उच्चारूच नये. बऱ्याच नौका सहकारी संस्थेमार्फत, राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे कर्ज घेऊन बांधलेल्या असतात, आणि कर्ज फिटेपर्यंत नौका तारण राहते. संस्थेत जाऊन मूळ मालकाच्या नावे थकबाकी किती, हे विचारून ना हरकत दाखला मागायला अर्धा दिवस लागतो; त्यापेक्षा पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘सदर नौकेवर कोणताही बोजा नाही’ असे विकणाऱ्याकडूनच लिहून घ्यावे. नौका ज्याने गहाण टाकली, तिच्याविषयी त्याच्याइतके अधिकाराने कोण बोलणार? वसुलीची नोटीस पुढेमागे आलीच, तर तो स्टॅम्प पेपर चौकट करून भिंतीवर लावण्याजोगा असतो.

नोंदणी आणि मासेमारी परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी समजावू लागल्यास विषय बदलावा. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याखाली मिळतो, आणि नौकेने पूर्वी काय उद्योग केले यावर त्याचे भवितव्य अवलंबून असू शकते. डेकवर मागच्या बाजूला बोल्टची चार भोके दिसली आणि ती पुट्टीने बुजवलेली असली, तर तिथे जनरेटर होता असे समजू नये. एलईडीच्या झगझगाटात मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ पासून बंदी घातली आहे, तेव्हा जनरेटर असलाच तर तो सत्यनारायणाच्या पूजेसाठी असणार. मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या नौकेवर कारवाई किंवा दंड प्रलंबित आहे का, असे विचारणे म्हणजे देवाच्या कार्यावर संशय घेणे.

दस्तऐवज पाहण्याची ही वाईट सवय काही आजची नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळी त्यांचे दस्तक, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना, नसलेले जहाज सरळ धरून नेत. त्या मानाने आजचे लोक बरेच सुसंस्कृत म्हटले पाहिजेत. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका अतिरेक्यांनी बळकावून मुंबईवर हल्ला केला, त्यानंतर समुद्रात कागद तपासणे वाढले खरे. पण तटरक्षक दलाची नौका बाजूला लागून मालकाचे नाव विचारू लागली, तर ‘ह्यो कागदावरचो माणूस आमच्या मावशीच्या गावचो’ हे उत्तर कोणालाही पटण्यासारखे आहे.

नोंदणीत आपले नाव लावून घेण्याची घाई तर मुळीच करू नये. जुन्याच्याच नावावर चालू दिल्याने हेलपाटे वाचतात. डिझेलच्या करपरताव्याची रक्कम त्याच्याच खात्यात जमा होत राहील आणि गणपतीत तो आठवणीने मोदक पाठवील. मासळी नाही मिळाली, तर त्याच नौकेवर खुर्च्या टाकून मालवण-तारकर्लीला पर्यटक फिरवावेत. मच्छीमार नौकेच्या कागदांवर प्रवासी नेता येत नाहीत आणि त्यासाठी सागरी मंडळाचा वेगळा परवाना लागतो, ही माहिती पर्यटकांना नसते आणि आपणही ती करून घेतलेली नसते.

एवढे करून दोनतीन हंगामांत नौका विकण्याची वेळ येईलच. जूनची वाट पाहावी, नाळेवर नवा रंग द्यावा, आणि पहिले गिऱ्हाईक झाप उचलून आत डोकावू लागले की हर्णैचे दोघे कालच येऊन गेल्याचे त्याला सांगावे.